विषाद कीं वैराग्य? वार्धक्यांतील एका दुखण्याचा इतिहास

म्हातारपण आलें कीं माणूस अबोल व्हावयाचाच, अशी आपल्या घराघरांतून एक समजूत रूढ आहे. जे आजोबा पहांटे उठून वर्तमानपत्राची वाट पाहत बसत, ते आतां त्याची घडीहि मोडीत नाहींत. ज्या आजीबाईंच्या हातच्या लोणच्याची वाखाणणी सबंध आळींत होत असे, त्यांनीं स्वयंपाकघराकडे पाठ फिरविली आहे. हांक मारली तर उत्तर यावयास वेळ लागतो. अन्नावरची वासना गेली आहे. घरचीं माणसें म्हणतात, 'आतां वय झालें.' घर अधिक भाविक असलें तर याहून गोड शब्द योजला जातो. 'त्यांना आतां कशाची आसक्ति उरली नाहीं,' असें म्हणून तीं मनांतल्या मनांत हात जोडतात. या दुसऱ्या उद्गाराबद्दलच प्रस्तुत लेखांत आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. गेल्या सव्वाशें वर्षांत वैद्यकशास्त्रानें वार्धक्यांतील खिन्नतेचा जो माग काढला, त्यावरून असें दिसतें कीं, ज्याला आपण विरक्ति म्हणून वंदन करतों तिच्यामध्यें पुष्कळदां एक दुखणें दडलेलें असतें. त्या दुखण्याचें एक मूळ मेंदूच्या अंतर्भागांत असूं शकतें. आणि तें दुखणें बऱ्याच अंशीं बरें होण्यासारखें असतें.

हा विचार मांडण्यास अक्कलकोटाहून अधिक उचित स्थळ आम्हांस सुचत नाहीं. सोलापूरच्या आग्नेयेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर, कर्नाटकाच्या शिवेजवळ वसलेलें हें गांव एके काळीं एका लहानशा संस्थानाची राजधानी होतें. शाहू महाराजांनीं पारदच्या लोखंडे पाटलांच्या मुलाला पदरीं घेऊन त्यास फत्तेसिंह भोसले हें नांव दिलें. त्यांच्या घराण्याकडे हें संस्थान चाललें, आणि १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. परंतु आज अक्कलकोटाचें नांव घरोघरीं पोहोंचलें आहे तें श्रीस्वामी समर्थांमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते येथें आले व १८७८ सालीं येथेंच समाधिस्थ झाले. त्यांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंत वृद्ध स्त्रीपुरुषांचा भरणा मोठा असतो. वटवृक्षाच्या मंदिरांत दिवसच्या दिवस शांत बसून राहणारें म्हातारें माणूस तेथें कोणास चमत्कारिक वाटत नाहीं. तेंच माणूस बाजाराच्या चौकांत तसें बसलें असतें, तर चार जणांनीं जवळ जाऊन विचारपूस केली असती. येथें त्याला नमस्कार करून लोक पुढें जातात. यांत दोष भक्तीचाहि नाहीं व लोकांचाहि नाहीं. दोन अगदीं भिन्न मनःस्थितींचें बाह्य रूप एकसारखें असतें, हीच यांतील अडचण आहे.

या सीमेवरच्या तालुक्यांत मराठी आणि कानडी एकाच अंगणांत बोलल्या जातात. कानडींत कंटाळा, वीट व खिन्नता या सर्वांना मिळून 'बेसर' असा एक शब्द आहे. मराठींत 'जीव लागत नाहीं', 'हुरूप नाहीं', 'कशांत मन रमत नाहीं' असे वाक्प्रचार आहेत. यांपैकीं एकहि रोगाचें नांव नव्हे. म्हणून वैद्यापुढें गेल्यावर त्यांचा उच्चारच होत नाहीं. तेथें सांगितलें जातें तें अंगाचें दुखणें: पाय ओढतात, डोकें जड आहे, झोंप नाहीं, पोट साफ नाहीं. मनाची व्यथा घरांत वैराग्य म्हणून राहते आणि दवाखान्यांत बद्धकोष्ठ म्हणून जाते.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस विषादाचें गांभीर्य ठाऊक होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निरनिराळ्या बाबतींतील अग्रगण्य गोष्टींची एक लांबलचक यादी आहे. तींत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादाला पहिलें स्थान दिलें आहे. वाग्भटानें आयुष्याचे तीन भाग करून शेवटला भाग वाताचा ठरविला. यावरून मेंदूंतील सूक्ष्म विकृति त्यांना अवगत होत्या असें म्हणणें हा पोकळ अभिमान होईल. तसें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विषाद आणि वैराग्य यांची गल्लत करूं नये हा विवेक आपल्या परंपरेंतच आहे. भगवद्गीतेंत अर्जुन धनुष्य टाकतो, अंगाला कांप सुटल्याचें सांगतो, आणि राज्यापेक्षां भीक मागून राहणें बरें अशी भाषा बोलूं लागतो. शब्द सारे संन्याशाचे आहेत. परंतु श्रीकृष्णानें त्यांना भुलून अर्जुनाच्या विरक्तीचें कौतुक केलें नाहीं. योगवासिष्ठांतील प्रसंग तर आमच्या विषयाला याहूनहि जवळचा आहे. तरुण राम तीर्थयात्रेहून परत येतो, आणि त्यानंतर कृश होऊं लागतो, खाण्यापिण्यावरून त्याचें चित्त उडतें, तो एकांतांत बसून राहतो. त्या प्रकरणाचें नांवच वैराग्यप्रकरण. तरी 'मुलगा विरक्त झाला' म्हणून दशरथानें समाधान मानलें नाहीं. तो चिंतेंत पडला. रामाला सभेंत बोलावून विश्वामित्रांनीं त्याच्या मनांत काय चाललें आहे तें विचारलें, आणि त्यानें तें सविस्तर सांगितल्यावर वसिष्ठांचा उपदेश सुरू झाला. आधीं विचारपूस, मग निर्णय, असा हा क्रम आहे.

युरोपांत या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम मनोरुग्णालयांतून सुरू झाला. जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं १८९६ सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पांचव्या आवृत्तींत असें मत मांडलें कीं, उतारवयांत प्रथम जडणारी खिन्नता हा एक स्वतंत्र रोग असून त्याचें कारण शरीराची झीज हें होय. याचा अर्थ उघड होता: झीज भरून येत नाहीं, त्या अर्थीं ही खिन्नताहि बहुधा जावयाची नाहीं. परंतु अकरा वर्षांनीं ड्रायफस नांवाच्या वैद्यानें हायडेलबर्ग येथील क्रेपेलिन यांच्याच रुग्णांचा पुन्हा शोध घेतला. त्यांपैकीं कितीतरी लोक काळ जाऊं दिल्यावर बरे झाले होते, आणि अनेकांना तरुणपणींहि असे झटके येऊन गेले होते असें त्याला आढळलें. विशेष गोष्ट ही कीं, क्रेपेलिन यांनीं हा पुरावा मान्य केला व आपलें मत बदललें. म्हाताऱ्यांची खिन्नता म्हणजे म्हातारपणच, ही समजूत शास्त्राच्या दरबारांत प्रथम डळमळली ती या वेळीं.

तरी सर्वच वृद्धांचें दुखणें एका सांच्यांतलें नव्हतें. ऑटो बिन्सवांगर यांनीं १८९४ सालीं मेंदूच्या अंतर्भागाची झीज झालेल्या कांहीं रुग्णांचें वर्णन केलें होतें. त्या विकाराला बिन्सवांगर यांचें नांव १९०२ सालीं दिलें तें आल्झायमर यांनीं. पुढें १९०५ सालीं रॉबर्ट गाउप या वैद्यानें उतारवयांतील खिन्नतेचे प्रकार पाडतांना, रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळें उद्भवणारी खिन्नता असा एक वर्ग वेगळा काढला. रक्तवाहिनी आणि मन यांचा संबंध असा स्पष्ट शब्दांत सांगितला गेला. पण तो सिद्ध कसा करावयाचा? जिवंत माणसाच्या कवटींत डोकावण्याचें साधन नव्हतें, आणि मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर त्या माणसाच्या मनाची हकीकत सांगावयास तें माणूस उरलेलें नसे. गाउप यांचा तर्क यामुळें कित्येक दशकें ग्रंथांतच पडून राहिला.

मधल्या काळांत एक मोठें काम झालें तें मार्टिन रॉथ यांच्या हातून. इंग्लंडांतील ग्रेलिंगवेल रुग्णालयांत दाखल झालेल्या वृद्धांचें पुढें काय होतें याचा त्यांनीं हिशेब ठेवला व तो १९५५ सालीं प्रसिद्ध केला. बुद्धिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आंत मरण पावत. उलट खिन्नतेचे बहुतेक रुग्ण त्याच मुदतींत बरे होऊन घरीं जात. बाहेरून दोघेहि सारखेच मंद, सारखेच अबोल. दोघांचीं भवितव्यें मात्र अगदीं वेगळीं. 'म्हातारचळ' या एका शब्दांत सारें गुंडाळण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिच्यामुळें बरें होण्याजोगें माणूस बरें न होणाऱ्यांच्या पंक्तींत बसविलें जातें, हें रॉथ यांच्या हिशेबावरून ध्यानांत येईल.

आतां मेंदूच्या ज्या भागाशीं आमच्या विषयाचा मुख्य संबंध आहे, त्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मेंदू कापून पाहिला तर त्यांत दोन रंग दिसतात. बाहेरचा थर करडा व आंतला भाग पांढरट. व्हेसेलियस यानें १५४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या शारीरग्रंथांत हा भेद दाखविला होता. करड्या भागांत मज्जापेशींचीं शरीरें असतात. पांढऱ्या भागांत त्या पेशींना एकमेकींशीं जोडणारे लांब तंतु. त्या तंतूंवर तारेवरील रबरी वेष्टणासारखें एक स्निग्ध आवरण असतें, त्याचाच तो पांढरा रंग. या आवरणाला विर्खो यानें १८५४ सालीं 'मायलिन' हें नांव दिलें. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २००३ सालीं अंदाज केला कीं, विशींतील माणसाच्या मेंदूंतले असे तंतु एकापुढें एक जोडले तर त्यांची लांबी दीड लक्ष किलोमीटरांच्या आसपास भरेल, आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत तिच्यापैकीं जवळजवळ निम्मी कमी झालेली असेल. विचार करणें हें काम करड्या भागाचें असें मानलें, तर एका ठिकाणचा विचार दुसऱ्या ठिकाणीं पोहोंचविणें हें काम या श्वेतभागाचें आहे.

या श्वेतभागाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मेंदूच्या पृष्ठभागावरून आंत शिरतात. त्या फार लांब व फार बारीक असतात, आणि त्यांच्या शेवटच्या टोकांना दुसरीकडून मदत क्वचितच मिळते. सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. धरणाचें पाणी सुटलें कीं पाटाच्या तोंडाशीं असलेलीं शेतें भिजतात. शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोंचेलच याची खात्री नसते. वर दाब थोडा कमी झाला, किंवा पाटांत गाळ साचला, तर पहिल्यानें करपतें तें टोकाचें शेत. वर्षानुवर्षें चढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व वय यांनीं या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, आणि श्वेतभागांतील टोकाचे वाफे असेच हळूहळू करपूं लागतात. झटका येत नाहीं, हातपाय लुळा पडत नाहीं. म्हणून घरांत कोणाला कळतहि नाहीं.

ही करपलेली जमीन जिवंत माणसाच्या डोक्यांत प्रथम दिसूं लागली ती गेल्या अर्धशतकांत. ता. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळील विंबल्डन येथें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे, क्ष-किरणांच्या साहाय्यानें, कापल्याविना काप दाखविले. तेंच आजचें सीटी स्कॅन. पुढें १९७३ सालीं लॉटरबर यांनीं चुंबकाच्या योगानें चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली, मॅन्सफील्ड यांनीं ती पुढें नेली, आणि तींतून ज्याला आपण एमआरआय म्हणतों तें यंत्र निघालें. शरीरांतील पाण्याचे कण प्रबळ चुंबकाला कसा जबाब देतात, यावर त्याचें चित्र उमटतें. तंतु विरळ होऊन जेथें पाण्याचा अंश वाढलेला असतो, ती जागा विशिष्ट प्रकारच्या चित्रांत पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. येथें वाचकांचा एक घोटाळा होण्याचा संभव आहे. निरोगी श्वेतभाग या चित्रांत गडद दिसतो. पांढरे दिसतात ते त्यांतील व्रण.

यंत्रें रुग्णालयांतून रुळल्यावर असे ठिपके इतक्या वृद्धांत दिसूं लागले कीं, वैद्य गोंधळून गेले. कॅनडांतील हाचिन्स्की यांनीं १९८७ सालीं त्यांना एक ग्रीक वळणाचें नांव दिलें. 'पांढऱ्या भागाचा विरळपणा' एवढाच त्याचा अर्थ. त्याच वर्षीं फाझेकास यांनीं शून्यापासून तीनपर्यंत त्यांची प्रतवारी ठरविली: शून्य म्हणजे ठिपका नाहीं, तीन म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे डाग पडलेले. लगेच १९८८ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतून दोन निबंध बाहेर पडले, एक कॉफी यांचा व दुसरा मूळचे मद्रासचे असलेले रंगा कृष्णन् यांचा. दोघांनींहि नैराश्यानें आजारी असलेल्या वृद्धांचे मेंदू पाहिले होते, आणि दोघांनाहि हे ठिपके लक्षणीय प्रमाणांत आढळले. गाउप यांचा ऐंशी वर्षांपूर्वींचा तर्क अशा रीतीनें पुन्हा चर्चेंत आला.

या शोधांना एका सूत्रांत गोंवण्याचें काम १९९७ सालीं झालें. न्यूयॉर्क येथील अलेक्सोपोलस व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा विकार कांहीं वृद्धांत नैराश्याची भूमि तयार करतो, त्याला चालना देतो, किंवा तें लांबवितो. त्याच वर्षीं कृष्णन् यांनीं चित्रावरून ओळखतां येणाऱ्या अशा नैराश्याचें स्वरूप मांडलें. या रुग्णांच्या मनाचें जें वर्णन या संशोधकांनीं केलें, तें आपल्या घरांतील लोकांनीं लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे. हे रुग्ण फारसे रडत नाहींत. आपण पापी आहों, अपराधी आहों, असा शोक ते विशेष करीत नाहींत. त्यांचा हुरूप मावळतो. हालचाल व बोलणें संथ होतें. चार कामांचा क्रम लावणें, आरंभ करणें, बेत आखणें, हें त्यांना जड जातें. आणि आपल्याला कांहीं झालें आहे याची जाणीवहि त्यांना कमीच असते. न रडणारें, कोणाला दोष न देणारें, कांहीं न मागणारें म्हातारें माणूस आपल्या भाषेंत 'विरक्त' ठरतें, यांत नवल तें काय? श्वेतभागाचे जे तंतु मेंदूच्या पुढच्या भागाला त्याच्या खोल केंद्रांशीं जोडतात, ते विरळ झाले म्हणजे इच्छेपासून कृतीपर्यंतचा रस्ताच खचतो. मग माणसानें इच्छा सोडलेली नसते. ती त्याच्या हातापायांपर्यंत पोहोंचत नाहीं.

पुढें २००२ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें थॉमस व त्यांचे सहकारी यांनीं मरणोत्तर तपासणी केली. नैराश्य भोगलेल्या वृद्धांच्या मेंदूंत खोलवर जे ठिपके होते, ते सारे रक्ताच्या तुटवड्यानें पडलेले निघाले. ज्यांना नैराश्य नव्हतें त्यांच्या ठिपक्यांत हें प्रमाण तृतीयांशाहूनहि कमी होतें. तपासलेले मेंदू थोडे होते. परंतु शंकेचें उत्तर कोणत्या दिशेस आहे तें यावरून कळलें. तत्पूर्वीं १९९४ सालीं बासर यांनीं आणखी एक सूक्ष्म रीत शोधून काढली होती. सोलापूरच्या मागावरील ताण्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो धाग्याच्या लांबीकडे झपाट्यानें पसरतो, आडवा फारसा पसरत नाहीं. मेंदूंतील पाणीहि तंतूंच्या दिशेनें असेंच सरकतें. तंतूंची वीण विसकटली कीं पाणी चोहोंकडे सारखेंच पसरूं लागतें, आणि हा फरक यंत्राला मोजतां येतो. यामुळें ठिपका दिसण्याच्या आधींच वस्त्र कोठें विरूं लागलें आहे, हें पाहण्याची सोय झाली.

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल कीं, आतां प्रश्न सुटला. चित्र काढावें आणि विषाद कीं वैराग्य तें पाहावें. तसें नाहीं. रॉटरडॅमच्या पाहणींत साठ ते नव्वद वर्षांच्या एक हजारांहून अधिक नागरिकांच्या मेंदूंचीं चित्रें काढलीं, त्यांचा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. श्वेतभागांत एकहि ठिपका नाहीं असे लोक त्यांत शंभरांत अवघे पांच निघाले. ते सारे कांहीं खिन्न नव्हते. ठिपके असून नातवंडांत रमलेले आजोबा पुष्कळ आहेत, आणि ठिपका नसतां जोडीदाराच्या मृत्यूनें, एकटेपणानें, परावलंबनानें, मुलगा परगांवीं गेल्यानें खचलेलेहि पुष्कळ. शिवाय कारण कोणतें आणि कार्य कोणतें, याचाहि गुंता आहे. खिन्न माणूस चालत नाहीं, औषध वेळेवर घेत नाहीं, नीट जेवत नाहीं. त्यामुळें त्याच्या रक्तवाहिन्या आणखी बिघडतात. म्हणून यंत्रानें काढलेलें चित्र ही एक साक्ष आहे, निवाडा नव्हे. निवाडा करावयाचा तो माणसाशीं बोलूनच.

आपल्या देशांत या बोलण्याचीच उणीव किती मोठी आहे, हें मुंबईंतील देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ सालीं केलेल्या वार्धक्यविषयक पाहणींत दिसून आलें. देशभर पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांना त्या वेळीं प्रश्न विचारले गेले. साठ वर्षांवरील लोकांत नैराश्याचीं लक्षणें शंभरांमागें आठांहून अधिक जणांत आढळलीं. आपल्याला वैद्यानें तसें निदान सांगितलें आहे असें म्हणणारे शंभरांमागें एकहि नव्हते, त्यांचें प्रमाण ०.८ होतें. म्हणजे दहांतील नऊ जणांचें दुखणें निनांवी राहिलें होतें. त्यांच्या घरच्यांनीं त्या दुखण्याला काय नांव दिलें होतें, हें पाहणींत विचारलेलें नाहीं. पण तें आपण ओळखूं शकतों.

अक्कलकोटच्या एखाद्या कुटुंबानें मग काय करावें? सोलापुरास १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मेंदूचीं चित्रें काढणारीं यंत्रेंहि आतां तेथें आहेत. परंतु नैराश्याचें निदान होण्यास वा उपचार सुरू होण्यास बहुधा चित्राची गरज नसते. बुद्धिभ्रंश, अर्धांगाचा झटका किंवा गांठ यांची शंका असल्यास वैद्य तें काढावयास सांगतात. एरवीं दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली उदासी, उडालेली गोडी, झोंप व भूक यांतील बदल, जगण्याचा वीट, यांची प्रामाणिक हकीकत त्यांना पुरते. ती हकीकत वृद्ध स्वतः सांगत नाहीं, तेव्हां घरच्यांनीं सांगितली पाहिजे. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांतून नेण्यास आरंभ झाला, आणि २०२२ पासून 'टेलि-मानस' या सरकारी सेवेमार्फत दूरध्वनीवरूनहि सल्ला मिळतो. औषधांनीं अनेकांना गुण येतो. ज्यांचा कामाचा क्रम लावण्याचा हुरूपच हरपला आहे, अशांना औषधाचा गुण कधीं उशिरां व अपुरा येतो. त्यांच्यासाठीं छोटे छोटे प्रश्न एकेक करून सोडविण्यास शिकविणारी उपचारपद्धति उपयोगी पडते, असें अलेक्सोपोलस व त्यांचे सहकारी यांनीं पुढें दाखविलें. अंगणांतल्या चार कुंड्यांना रोज पाणी घालण्याचें काम नेमून देणें, ही त्याचीच घरगुती आवृत्ति म्हणतां येईल.

आणि दुखणें येण्यापूर्वींच पाट राखण्याचें काम आहे. अमेरिकेंत उच्च रक्तदाबाच्या, पन्नाशी उलटलेल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचें मेंदूविषयक फलित २०१९ सालीं जाहीर झालें. कांहींचा वरचा दाब १२० च्या खालीं व कांहींचा १४० च्या खालीं ठेवण्याचा यत्न केला होता. सुमारें चार वर्षांनीं पहिल्या वर्गांत श्वेतभागांतील व्रणांची वाढ ०.९२ घन सेंटिमीटर, तर दुसऱ्यांत १.४५ घन सेंटिमीटर झाल्याचें आढळलें. हा प्रयोग नैराश्याबद्दल नव्हता, आणि दाब किती उतरवावा हें ज्यानें त्यानें आपल्या वैद्यास विचारूनच ठरवावें. थकलेल्या देहाला तो फार उतरलेलाहि सोसत नाहीं. तरी टोकाच्या वाफ्यांचें रक्षण करणें माणसाच्या हातीं आहे एवढें त्यावरून ठरलें. त्यास लागणारें साधनहि साधें आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें यंत्र तालुक्याच्या कोणत्याहि दवाखान्यांत असतें.

वैराग्य ही आपल्या संस्कृतीनें फार उंच स्थानीं ठेवलेली वस्तु आहे, आणि तिचा उपमर्द करण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, तिचें मोल राखावयाचें असेल तर तिच्या नांवावर दुसरें नाणें चालूं देऊं नये असें आम्हांस वाटतें. खऱ्या विरक्तानें आसक्ति सोडलेली असते. त्याची माया आटलेली नसते. दारीं आलेल्याची तो विचारपूस करतो, चार घांस जेवतो, स्वस्थ झोंपतो, आणि त्याच्याजवळ बसलें असतां दुसऱ्यालाहि बरें वाटतें. जेथें माया, झोंप, भूक व हुरूप हीं चारी एकदम ओसरलीं आहेत, तेथें हात जोडण्यापूर्वीं जवळ बसून चौकशी केली पाहिजे. देवदर्शनाला नेण्यास कोणाचीच हरकत नाहीं; अक्कलकोटची वाट अनेक थकलेल्या जिवांना आधार देत आली आहे. त्याच फेरींत सोलापुरास एका वैद्याकडे उतरावें, इतकीच आमची सूचना आहे. दशरथाच्या घरीं साक्षात् रामाच्या बाबतींतहि विचारपूस आधीं झाली होती. आपल्या घरांतील वृद्धांना तेवढा मान देण्यास कांहीं प्रत्यवाय नसावा.